मराठी मजकुराचं वजन

(मलकापूर, ता. कऱ्हाड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘डेटाबेस’ हा विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या दोन रांगांतल्या ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलेलं मला इथून दिसलं. काळजी करू नका, मी पाण्यापासूनच सुरुवात करतो.

मलकापूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २००९च्या सुमाराला या गावात चोवीस तास पाणी आलं, आणि तेही मीटरने. जेवढं वापराल तेवढं बिल, वापर वाढला की दरही वरच्या टप्प्याचा. ही योजना बघायला बाहेरगावचे लोक आले. ते पाइप बघायचे, व्हॉल्व्ह बघायचे, दुरून रीडिंग देणारे मीटर बघायचे. माझ्या धंद्यातला माणूस मात्र एकच विचारेल: हे रीडिंग ठेवता कुठे आणि कसं?

रीडिंग ठेवणं सोपं आहे. ग्राहक क्रमांक, तारीख, आकडा. यातली प्रत्येक गोष्ट चार बाइटांत मावते. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस माहिती आठ केबीच्या पानांवर लिहितो. प्रत्येक नोंदीचा स्वतःचा थोडा सरकारी खर्च धरला, तरी अशा १८५ नोंदी एका पानावर बसतात. लाख रीडिंगं साडेचार एमबीच्या आत. एवढं तर हल्ली एका फोटोलाही लागतं.

आता त्याच ग्राहकाची तक्रार घ्या. पाण्याला दाब नाही, शेजाऱ्याकडे येतं, आमच्याकडे येत नाही, मागच्या सोमवारी अर्ज दिला होता, माणूस येऊन गेला पण काही केलं नाही, वगैरे. आपला माणूस तक्रार लिहायला बसला की थोडक्यात आटपत नाही, आणि आटपूही नये. पण हा मजकूर जेव्हा टेबलाच्या एका रकान्यात जाऊन पडतो, तेव्हा रीडिंगच्या बाबतीत कधी न पडलेले प्रश्न पडतात. मोठा मजकूर नोंदीतच ठेवायचा की बाहेर? जसाच्या तसा ठेवायचा की दाबून? बाहेर ठेवला तर आणायचा कधी? हे प्रश्न जगभर आहेत आणि त्यांची तयार उत्तरं प्रत्येक डेटाबेसात बसवलेली असतात. डिफॉल्ट म्हणतो आपण त्यांना. आज मला सांगायचंय ते इतकंच, की या उत्तरांतल्या मर्यादा बाइटांत मोजलेल्या आहेत आणि मराठी मजकुराचं बाइटांतलं वजन वेगळं आहे. त्यामुळे ज्या ठिकाणी इंग्रजी मजकूर निवांत असतो, त्याच ठिकाणी आपला मजकूर अडचणीत येतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

वजनाचं आधी बघू. ‘पाणी येत नाही’ एवढं वाक्य घ्या. काने, वेलांट्या, मात्रा सुट्या मोजल्या तर अकरा चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा. हे रोमन लिपीत लिहिलं, जसं आपण फोनवर लिहितो, तर तेरा बाइट लागतात. देवनागरीत, आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत, पस्तीस. कारण या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षर तीन, काना तीन, हलन्ताची खूणही तीन. ‘मलकापूर’ रोमनमध्ये आठ बाइट, देवनागरीत एकवीस. कऱ्हाडकरांची तर आणखी गंमत आहे. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा ऱ्ह एकाच कळफलकावरून येत नाही. कुठून तो नुक्त्याच्या वेगळ्या ऱ मधून येतो, कुठून साध्या र पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पहिल्या तऱ्हेने अठरा बाइट, दुसऱ्या तऱ्हेने एकवीस. डोळ्यांना दोन्ही सारखी, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी गावं. मजकूर आत येतानाच एका रूपात आणणं हे पहिलं काम. ते न करता पुढची मशागत करणाऱ्यांना मी हात जोडतो.

पूर्वी असं नव्हतं. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह एकाच बाइटात बसायचं. पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट कार्डं ज्यांनी वापरली आहेत त्यांना आठवेल. ‘पाणी येत नाही’ इस्कीत तेराच बाइटांचं. मग आपण युनिकोडकडे आलो, आणि ते योग्यच झालं. इस्कीच्या आणि फाँटांच्या त्या जंजाळात परत जावं असं कुणीही म्हणणार नाही. पण त्या बदलात मजकूर तिप्पट जड झाला, आणि डेटाबेसच्या मर्यादा होत्या तिथेच राहिल्या.

आता या मर्यादा कुठे टोचतात ते हिशेबानेच दाखवतो. फळा नाही, तेव्हा आकडे ऐका. समजा, एका नगरपरिषदेकडे एक लाख तक्रारींचं टेबल आहे. नोंदीत तक्रार क्रमांक, प्रभाग, ग्राहक, तारीख, स्थिती आणि मजकूर. मजकूर सहाशेवीस चिन्हांचा, म्हणजे पाऊण पान. इंग्रजीत असता तर सगळी नोंद साधारण सातशे बाइटांची झाली असती, पानावर अकरा बसल्या असत्या, आणि टेबल सत्तर एमबीच्या आसपास राहिलं असतं. मराठीत तोच मजकूर सतराशे बाइटांच्या घरात जातो, नोंद अठराशेच्या. पानावर चारच बसतात. टेबल एकशे पंच्याण्णव एमबी. मजकूर सोडून बाकीची नोंद केवळ शंभर बाइटांची आहे. एकट्या तेवढ्याचं टेबल दहा एमबीत आटोपलं असतं.

आणि मुख्याधिकारी रोज सकाळी काय विचारतात? कोणत्या प्रभागात किती तक्रारी शिल्लक? त्यात मजकुराचं एक अक्षरही लागत नाही. पण डेटाबेस पानं वाचतो, रकाने नव्हे. शिल्लक मोजायला त्याला एकशे पंच्याण्णव एमबीची पंचवीस हजार पानं उलटावी लागतात, आणि त्यातल्या वीस भागांपैकी एकोणीस भाग हा मजकूर असतो जो कुणी मागितलेलाच नाही.

आपल्या महसुली कागदांत हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला होता. सातबारा डोळ्यांसमोर आणा. वर गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदाराचं नाव, आणि नावाच्या जवळ फेरफाराचा क्रमांक. जमीन कशी आली, कुणी कुणाला विकली, वारस कोण लागले, हरकत आली की नाही, मंडल अधिकाऱ्याने काय शेरा मारला, ही सगळी कहाणी सातबाऱ्यावर नसते. ती गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत असते. सातबाऱ्यावर फक्त क्रमांक. ज्याला कहाणी हवी त्याने क्रमांक घेऊन सहाची वही उघडावी. ज्याला फक्त मालक आणि क्षेत्र बघायचंय त्याने ती उघडूच नये. ज्यांनी हे नमुने आखले त्यांना रोजचं विचारणं काय आणि क्वचितचं काय हे पक्कं ठाऊक होतं. जिथे ही शिस्त सुटते तो रकानाही आपल्याला माहीत आहे: इतर अधिकार. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कंसात गेलेल्या जुन्या नोंदी. दोन पिढ्यांत तो रकाना बाकी सगळ्या सातबाऱ्याहून मोठा होतो.

पोस्टग्रेसमध्ये हीच सोय २००१ साली ७.१ या आवृत्तीत आली. यान वीक यांचं ते काम. नाव ठेवलंय टोस्ट. त्याच्या आधी नोंद एका पानापेक्षा मोठी होऊच शकत नसे. टोस्ट असं चालतं: नोंद सुमारे दोन केबीपेक्षा मोठी झाली की डेटाबेस तिच्यातला सर्वांत लांब मजकूर धरतो, आधी दाबून बघतो, तरी नोंद बसेना तर तो मजकूर दोन दोन हजार बाइटांचे तुकडे करून शेजारच्या एका छुप्या टेबलात ठेवतो, आणि मूळ नोंदीत अठरा बाइटांची खूण सोडतो. फेरफार क्रमांकच म्हणा.

दोन केबी ही मर्यादा का? पानावर निदान चार नोंदी बसाव्यात म्हणून. पण मघाची आपली तक्रार आठवा. अठराशे बाइट. दोन केबीच्या जरा खाली. म्हणजे टोस्ट तिला हातही लावत नाही. ना दाबत, ना बाहेर नेत. नोंद एवढी लहान की बाहेर जाऊ नये, आणि एवढी मोठी की पानावर चारच बसाव्यात. टेबलाचं सगळ्यात वाईट ठिकाण हेच. पानंच्या पानं लिहिणारा तक्रारदार टेबलाला परवडतो, पाऊण पान लिहिणारा परवडत नाही. इंग्रजीत या पट्ट्यात यायला सोळाशे-सतराशे अक्षरं लिहावी लागतात. मराठीत सहाशे चिन्हं पुरतात. आणि आपले अर्ज, शेरे, अभिप्राय, ठरावांचा गोषवारा बहुतेक याच लांबीचे असतात.

यावर उपाय शोधायला गेलं की एक खुंटी सापडते. ११व्या आवृत्तीपासून प्रत्येक टेबलाला ‘टोस्ट टपल टार्गेट’ ठरवून देता येतं. पुस्तिकेतलं वर्णन वाचून वाटतं, हे पाचशेवर आणलं की पाचशेपेक्षा मोठी नोंद लगेच बाहेर जाईल. तसं होत नाही. मी पाहिलेल्या आवृत्त्यांच्या मूळ कोडमध्ये टोस्टला बोलावणं धाडायचं की नाही, हे ठरतं त्या जुन्या दोन केबीच्या पक्क्या मर्यादेवरच. ही खुंटी फक्त एवढं ठरवते, की एकदा बोलावल्यावर नोंद कुठवर लहान करायची. त्यामुळे आपली अठराशेची नोंद आहे तिथेच राहते. ज्या नोंदी तीन केबीच्या होत्या आणि दाबून दीड केबीवर येऊन मुख्य टेबलातच मुक्काम ठोकून बसत होत्या, त्या मात्र या खुंटीने बाहेर जातात. म्हणजे खुंटी निरुपयोगी नाही. ती दुसऱ्याच दुखण्यावरची आहे.

पाऊण पानाच्या तक्रारींवर खरा उपाय जुनाच आहे. मजकुराचं टेबल वेगळं करा, तक्रार क्रमांकाने जोडा. सातला सहा वेगळा. हे सांगितलं की तरुण प्रोग्रामर नाक मुरडतात, कारण दोन टेबलं म्हणजे एक जोड जास्त. पण ती जोड लागते केव्हा? एक तक्रार उघडून वाचताना. तेव्हा एकच नोंद लागते आणि जोडीचा खर्च जाणवतही नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रभाग आणि स्थिती यांवर इंडेक्स, म्हणजे वेगळी सूची. मग शिल्लक मोजताना डेटाबेस टेबलाकडे न जाता इंडेक्सवरच काम भागवू शकतो, अट इतकीच की व्हॅक्यूम, म्हणजे बाद प्रतींची सफाई, वेळेवर होत असलं पाहिजे. मात्र हा इंडेक्स फुकट मिळत नाही.

तो कसा महाग पडतो, ते थोडं सांगतो. पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की जुनीवर खाडाखोड होत नाही, नवी प्रत लिहिली जाते. तक्रारीची स्थिती ‘प्रलंबित’ची ‘निकाली’ केली, एवढ्यासाठी अठराशे बाइट पुन्हा लिहिले जातात. मजकूर टोस्टमध्ये असता तर अठरा बाइटांची खूण तेवढी नव्या प्रतीत आली असती, मजकूर जागचा हलला नसता. २००८ साली ८.३ आवृत्तीत यात मोठी सुधारणा झाली, तिला ‘हॉट’ म्हणतात, आणि आपल्याला अभिमान वाटावा असं की त्या कामात पुण्यात बसून काम करणाऱ्या एका अभियंत्याचा वाटा सर्वांत मोठा होता. नवी प्रत त्याच पानावर बसली, आणि बदललेला रकाना कोणत्याच इंडेक्समध्ये नसला, तर इंडेक्सांना हात लावावा लागत नाही. या दोन्ही अटी नीट ऐका. अठराशे बाइटांच्या चार नोंदी बसलेल्या पानावर पाचवी प्रत कुठे बसणार? आणि स्थितीवर इंडेक्स केला की दुसरीही अट गेली. म्हणून स्थिती दिवसातून अनेकदा बदलणारी असेल तर मी इंडेक्सऐवजी टेबल वेगळं करण्याच्या बाजूचा आहे. बदल क्वचित आणि मोजणी वारंवार असेल तर इंडेक्स. दोन्ही भरमसाट असतील तर आधी मोजा, मग भांडा.

दाबण्याबद्दल. पोस्टग्रेसची जुनी रीत मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधते, आणि निदान पाव भाग तरी वाचत असेल तरच दाबलेला मजकूर ठेवते. पहिल्या हजारभर बाइटांत एकही तुकडा दुसऱ्यांदा सापडला नाही तर नाद सोडते. सरकारी मराठी तिच्या आवडीची आहे. ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘सदर अर्जदार यांनी’, ‘पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर’. एकाच कागदात हे इतक्यांदा येतं की दाबायला सोपं जातं. भाषेच्या दृष्टीने दोष, साठवणुकीच्या दृष्टीने गुण. २०२१च्या १४व्या आवृत्तीत एलझेड-४ ही दुसरी रीत आली. तिचा भर वेगावर आहे. जिथे मजकूर सारखा वाचला जातो तिथे मी तीच निवडतो.

इतर डेटाबेसांकडे आता भराभर जाऊ, कारण सभागृहात कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीची मुलं दिसताहेत आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना नोकरीत पोस्टग्रेस मिळणार नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत पान सोळा केबीचं, आणि नोंद अर्ध्या पानाहून मोठी झाली की लांब रकाना बाहेर जातो. जुन्या ‘कॉम्पॅक्ट’ रचनेत बाहेर गेलेल्या रकान्याचे पहिले ७६८ बाइट नोंदीतच राहत. म्हणजे मराठीची बरोबर २५६ चिन्हं. असे दहा-अकरा रकाने असले की नोंदीची अर्ध्या पानाची मर्यादा भरलीच. ५.७पासून डिफॉल्ट असलेल्या ‘डायनॅमिक’ रचनेत फक्त वीस बाइटांची खूण उरते. पण जुन्या सर्व्हरवरून आणलेली टेबलं अजून कॉम्पॅक्टच असतात, कारण आवृत्ती बदलली म्हणून टेबल आपोआप बदलत नाही. शिवाय इनोडीबीत बाहेर गेलेला प्रत्येक मजकूर स्वतःचं अख्खं पान अडवतो, शेजाऱ्याला बसू देत नाही.

ऑरेकलमध्ये साधा मजकूर-रकाना नेहमीच्या मांडणीत चार हजार बाइटांचा, म्हणजे मराठीची १,३३३ चिन्हं. ‘चार हजार अक्षरं लिहा’ असं फॉर्मवर छापायचं आणि मराठी माणसाचा अर्ज तेराशेव्या चिन्हाशी नाकारायचा, हा अनुभव कुणी कुणी घेतला असेल. रकान्याची लांबी अक्षरांत सांगता येते, तरी चार हजार बाइटांचं छत तसंच राहतं. गंमत अशी, की ऑरेकलचा मोठ्या मजकुराचा प्रकार, क्लॉब, यूटीएफ-८ डेटाबेसातही आत दोन बाइटी पद्धतीने साठवतो. तिथे इंग्रजी दुप्पट होते आणि मराठी तीनावरून दोनावर येते. आपल्या मजकुराला क्लॉब स्वस्त पडतो, हे इंग्रजीवर चाचणी करणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

एसक्यूएल सर्व्हरचं याहून मजेशीर. तिथे एनव्हारकार या युनिकोड मजकूर-रकान्यात मराठी चिन्ह दोन बाइटांचं. २००८ आर-२ आवृत्तीपासून नोंदी दाबण्याची सोय चालू केली की युनिकोडही दाबला जातो, आणि त्या पद्धतीत देवनागरीसाठी राखीव जागा पहिल्यापासून आहे. मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिकेत हिंदीची बचत पन्नास टक्के दिली आहे, इंग्रजीइतकीच. आपली आणि हिंदीची लिपी एकच, तेव्हा हिशेब तोच. म्हणजे मराठी चिन्ह परत एका बाइटावर, इस्कीच्या भावात. पण ही सवलत ठरावीक लांबी सांगितलेल्या रकान्यांनाच. ‘मॅक्स’ लिहिलेल्या रकान्याला नाही, मग त्यात दहा अक्षरं असली तरी. आणि आपले प्रोग्रामर काय लिहितात? ‘मॅक्स’. मजकूर किती लांब असेल याचा विचार टाळण्याचा तो राजमार्ग आहे. तक्रार दोन हजार चिन्हांत मावत असेल तर तसं सांगून टाकावं. निम्मी जागा वाचते.

आता जेसन या माहिती-प्रकाराबद्दल, कारण सगळ्यात जास्त रक्त तिथे आटतं. पूर्ण अर्जच्या अर्ज एका रकान्यात कोंबायची हल्ली पद्धत आहे: अर्जदार, पत्ता, वारस, जोडपत्रं, शेरे, आणि त्यातच एका कोपऱ्यात स्थिती. समजा असा अर्ज दाबून पन्नास केबीचा झाला. टोस्टमध्ये त्याचे सव्वीसेक तुकडे. स्थितीचा एक शब्द बदलला, की डेटाबेस तेवढा शब्द बदलत नाही. अख्खा अर्ज बाहेर काढतो, उलगडतो, शब्द बदलतो, पुन्हा दाबतो, सव्वीस नवे तुकडे लिहितो, आणि जुने सव्वीस व्हॅक्यूम येईपर्यंत तसेच पडून राहतात. वर हे सगळं लॉगमध्येही जातं, तिथून प्रतिकृती-सर्व्हरकडे. ज्या गोष्टी बदलतात त्या जेसनच्या बाहेर, स्वतःच्या रकान्यात काढा. अर्जात जे एकदा लिहिलं की बदलत नाही तेवढंच आत असू द्या.

चित्रं आणि स्कॅन. राज्यात जुन्या सातबाऱ्यांचे, फेरफारांचे स्कॅन झाले, होताहेत. १ मे २०१८पासून तर डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला. असे कागद डेटाबेसात ठेवायचे की फाइल म्हणून बाहेर? जेपीईजी आणि पीडीएफ आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबायला गेलं तर सर्व्हरचा वेळ जातो, जागा वाचत नाही. पोस्टग्रेसमध्ये अशा रकान्याला ‘एक्स्टर्नल’ सांगावं: दाबू नको, सरळ बाहेर ठेव. आणि कृपा करून चित्राचं बेस-६४ करून मजकूर-रकान्यात टाकू नका. तीन बाइटांचे चार होतात, आणि पोस्टग्रेसच्या दाबण्याच्या रीतीला त्यात पुन्हा येणारे तुकडे सापडत नाहीत, त्यामुळे फुगलेलं फुगलेलंच राहतं.

फाइल की डेटाबेस यावर २००६ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा एक गाजलेला अभ्यास झाला. रसेल सिअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे. त्यांच्या मोजमापात २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसात बऱ्या राहिल्या, एक एमबीपेक्षा मोठ्या फाइल म्हणून बऱ्या राहिल्या, आणि मधल्या पट्ट्यात लिहिणं-पुसणं किती होतं यावर अवलंबून. त्यानंतर डिस्क बदलल्या, तेव्हा आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. माझं मत वेगाच्या पलीकडचं आहे. कोर्टात दाखवायचा कागद असेल तर वेगापेक्षा बॅकअप बघा. नोंद डेटाबेसच्या बॅकअपमध्ये आणि कागद दुसऱ्याच यंत्रावरच्या फोल्डरमध्ये असला, की एक दिवस नोंद सापडते आणि कागद सापडत नाही. बाहेर ठेवायचाच तर नोंदीत त्याचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला अंकी ठसा, ठेवा आणि दोन्हींचा बॅकअप एकाच वेळापत्रकात घ्या.

मोजायचं कसं, हे विद्यार्थ्यांसाठी. मजकूर मूळचा किती बाइटांचा आणि डिस्कवर दाबून किती राहिला, हे दोन वेगळी फंक्शनं सांगतात. पहिलं ‘ऑक्टेट लेंग्थ’, दुसरं ‘पीजी कॉलम साइझ’. दोन्ही मजकूर न उलगडता उत्तर देतात, म्हणून लाखांच्या टेबलावरही चालवायला हरकत नाही. पण नुसतं ‘लेंग्थ’ वापरलंत, तर यूटीएफ-८मध्ये चिन्हं मोजायला प्रत्येक मजकूर बाहेर काढून उलगडावा लागतो, आणि मोजणारा स्वतःच सर्व्हर झोपवतो. आलेख काढा. आपल्या नोंदी सोळाशे ते दोन हजार बाइटांच्या पट्ट्यात गर्दी करताहेत का, बघा. गर्दी असली तर मघाचा पाऊण पानाचा रोग तुमच्याकडे आहे.

‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’वर मात्र या बाबतीत विसंबू नका. ते क्वेरीला लागणारा वेळ सांगायला ती चालवतं, पण निकाल कुणाला पाठवत नाही, त्यामुळे टोस्टमधला मजकूर बाहेर काढण्याचा खर्च त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. अहवाल म्हणतो चाळीस मिलिसेकंद, आणि खिडकीतल्या क्लार्कच्या पडद्यावर चाक फिरत राहतं. दोघंही खरं बोलत असतात. २०२४च्या १७व्या आवृत्तीत ‘सीरियलाइझ’ असा पर्याय आला, तो दिला की हा खर्चही धरला जातो. आणि ते चाक फिरण्याचं सगळ्यात साधं कारण सांगून ठेवतो: यादीच्या पडद्याला क्रमांक, नाव, तारीख एवढंच हवं असतं, पण क्वेरीत लिहिलेलं असतं ‘सिलेक्ट स्टार’, म्हणजे सगळेच रकाने. पन्नास ओळींच्या यादीसाठी पन्नास संपूर्ण अर्ज उलगडून नेटवर्कवरून जातात आणि ब्राउझरमध्ये फेकून दिले जातात. हे ज्याने लिहिलं त्यालाही अनेकदा माहीत नसतं, कारण ते त्याने लिहिलेलं नसतं, त्याच्या फ्रेमवर्कने लिहिलेलं असतं. कुठलीही खुंटी पिळण्याआधी हे बघा.

चाचणीचा मजकूर मराठी असू द्या. लोरेम इप्समच्या परिच्छेदांवर चाचणी केलेलं टेबल मलकापूरच्या तक्रारींवर तसं वागणार नाही. खरे अर्ज देता येत नाहीत, गोपनीयता आहे; तर लांबी आणि लिपी खरी ठेवून मजकूर बनवा. तसं करताना गावाच्या नावावर जोड करू नका, एवढं जाता जाता. मलकापूर बुलढाण्यात आहे, शाहूवाडीत आहे, आणि आपलं आहेच.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण इथे फसगत होते. रकान्याची साठवण्याची रीत बदलली किंवा दाबण्याची रीत एलझेड-४ केली, तर तो हुकूम पुढे येणाऱ्या मजकुरापुरता असतो. आधीचा लाखभर मजकूर होता तसाच राहतो. व्हॅक्यूम फुल चालवून तो नव्या रीतीने दाबला जात नाही. रकाना त्याच रकान्याच्या बरोबर ठेवण्याचं अपडेट दिलं तरी नाही, कारण डेटाबेसला दिसतं की मजकूर बदललेला नाही आणि तो जुनीच खूण नव्या प्रतीत उतरवतो. बॅकअप काढून पुन्हा भरला तर होतं, पण त्यासाठी कार्यालय बंद ठेवावं लागतं. चालू टेबलावर करायचं तर मजकुराच्या शेवटी रिकामी स्ट्रिंग जोडून अपडेट द्यायचं, म्हणजे डेटाबेस तो नवा समजून लिहितो. हजार-हजार नोंदींच्या तुकड्यांनी, मधे व्हॅक्यूमला वेळ देत, डिस्कवर मोकळी जागा आहे याची खात्री करून. आणि मार्चच्या वसुलीच्या धामधुमीत तर मुळीच नाही.